ऐंशीच्या दशकातला पॉप रेकॉर्डवर ऐकायचाय? मग आधी बारा इंची शोधा

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, अगं तू ती जुनी इंग्रजी पॉपची रेकॉर्ड्स गोळा करतेस ना, आम्हालाही सुरू करायचंय, काय घेऊ? आणि विचारणाऱ्याने तोपर्यंत मायकल जॅक्सनची नवीन छापलेली थ्रिलर मागवलेली असते आणि सोबत तो सूटकेससारखा दिसणारा प्लेयर पण. तर एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसायला नको, घरचे वैतागलेत.

मी मूळची डोंबिवलीची, मधली ९ वर्षं नोकरीसाठी मँचेस्टरला होते, आता पुण्यात. माझा सगळा साठा ब्रिटिश बँड्सचा, साधारण १९८१ ते ८८. त्यामुळे अमेरिकन रॉक वगैरेबद्दल मला विचारू नका, त्यातलं मला कळत नाही आणि खरं सांगायचं तर फारसं आवडतही नाही.

पहिली गोष्ट जी सगळे चुकतात, एलपीच्या, म्हणजे अख्खा अल्बम असलेल्या मोठ्या रेकॉर्डच्या मागे लागतात. एलपी म्हणजेच रेकॉर्ड असं आपल्या डोक्यात बसलंय. पण हा जो पॉप होता ना, सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि ड्रम मशीनवाला, डिस्कोत वाजणारा, तो खरा बारा इंची सिंगलवर आहे. आकार एलपीएवढाच पण एका बाजूला एकच गाणं, फार तर दोन. आता एलपीच्या एका बाजूवर २० मिनिटं, कधी त्याहून जास्त कोंबायची म्हणजे खाचा अगदी चिकटून चिकटून येतात आणि आवाज दबतो. बारा इंचीत ७ मिनिटांच्या गाण्याला अख्खी बाजू मोकळी, खाचा ऐसपैस, आणि बहुतेक मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या स्पीडवर फिरतात, मग बेस असा येतो की शेजारचे बेल वाजवतात. दुसरं म्हणजे त्यावरचं गाणंच वेगळं असायचं, रेडिओवर ४ मिनिटांचं जे वाजायचं तेच इथे ओढून-ताणून, तुकडे करून, मधे नुसते ड्रम्स वाजवून ८ मिनिटांचं केलेलं, आणि यातली बरीच मिक्स तेव्हा एलपीवर नव्हतीच. म्हणजे एलपी घेऊन तुम्ही अर्धी गोष्टच घरी आणता.

उदाहरण द्यायचं तर न्यू ऑर्डरचं ब्लू मंडे. मार्च १९८३, कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स, तिचा कॅटलॉग नंबर फॅक ७३. साडेसात मिनिटं, त्यात गायक तोंड उघडतो तेच दोन मिनिटं उलटून गेल्यावर. त्याच वर्षी त्यांची पॉवर करप्शन अँड लाइज ही एलपी आली, तिच्या मूळ ब्रिटिश कॉपीवर हे गाणं नाहीच. मी एकाला बघितलंय, एलपी घेऊन घरी गेला आणि दोन्ही बाजू शोधत बसला बिचारा. ब्लू मंडेचं कव्हर पीटर सॅव्हिलने केलंय, जुन्या मोठ्या फ्लॉपी डिस्कसारखं, काळं, खरीखुरी भोकं कापलेली, आत चंदेरी पाकीट, ते भोकांतून चमकतं. वर बँडचं नाव नाही गाण्याचं नाव नाही, कडेला नुसते रंगीत चौकोन, ते म्हणजे अक्षरं, आणि ती वाचायची किल्ली एलपीच्या मागच्या बाजूला रंगांच्या चक्रात दिलीय. एवढा उपद्व्याप फक्त कव्हरसाठी! ब्रिटनमधली सगळ्यात जास्त खपलेली बारा इंची हीच, त्यामुळे दुर्मिळ वगैरे अजिबात नाही, पण नंतरच्या छपाईत भोकं गेली, नुसतं छापलेलं चित्र उरलं. म्हणून दुकानात हातात आली की आधी कव्हरवरून बोट फिरवायचं. भोकात बोट गेलं तर पुढचं बोलणं, नाहीतर किंमत पाडून मागायची.

रन-आउट वाचायला शिका, बाकी नंतर

शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिला रन-आउट म्हणतात. त्यात काहीतरी ओरखडलेलं असतं, अंक, अक्षरं, कधी हाताने लिहिलेला मजकूर. रेकॉर्डचा आधार नंबर समजा हाच. कव्हर बदलता येतं, कव्हरातली रेकॉर्ड बदलता येते, हे मात्र रेकॉर्डमध्येच कोरलेलं, ते बदलत नाही.

फ्रँकी गोज टू हॉलिवूडचं रिलॅक्स घ्या, १९८३ चं. बीबीसीने १९८४ च्या जानेवारीत त्यावर बंदी घातली आणि ते थेट एक नंबरला जाऊन ५ आठवडे ठाण मांडून बसलं. त्यांची कंपनी झेडटीटी म्हणजे नुसता खोडसाळपणा होता, एकाच कॅटलॉग नंबरवर बारा इंचीची वेगवेगळी मिक्स बाजारात सोडली. पहिलं १६ मिनिटांचं विचित्र प्रकरण, त्यात ओळखीचं गाणं जवळजवळ नाहीच, लोक म्हणे चिडून परत करायला जायचे. मग नंतरची छोटी मिक्स आली. आणि वरून बघून कुठलं कोणतं ते पटकन कळत नाही, रन-आउट बघावंच लागतं.

मला हे कळलं मँचेस्टरमधल्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात. तिथे रिलॅक्सच्या तीन कॉपी एकाच खोक्यात, प्रत्येकी २ पौंड. काउंटरवर आजी होत्या, प्रत्येकाला लव्ह म्हणणाऱ्या. मी खिडकीपाशी गेले, रेकॉर्ड अर्धी बाहेर काढली, मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरला (सरळ वरून धरलात तर नुसती चकाकी दिसते, आडवा धरलात की अक्षरं उठून येतात) आणि रेकॉर्ड हळूहळू फिरवत गेले. पहिल्या कॉपीत शेवटी ए-१-यू, दुसऱ्यात आकडा वेगळा, तिसऱ्यात पहिल्यासारखाच. ए म्हणजे बाजू, पुढचा आकडा म्हणजे त्या बाजूचं कितवं कटिंग, म्हणजे मूळ खाचा कितव्यांदा कोरल्या ते. ए-१ म्हणजे पहिलं, तेच १६ मिनिटांचं. आजी विचारतायत काय शोधतेस, मी म्हटलं नंबर, त्या म्हणाल्या माझा मुलगा पण असाच होता, आणि मला ६ पौंडांत तिन्ही बांधून दिल्या. घरी येऊन पहिली पूर्ण ऐकली. एकदा ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्यांदा नाही.

कधी कधी तिथे अ पोर्की प्राइम कट असं लिहिलेलं सापडेल. ते जॉर्ज पेकहॅम नावाच्या कटिंग इंजिनियरची सही, पोर्की हे त्यांचं टोपणनाव. ते दिसलं तर कंजूषपणा करू नका, त्या माणसाने कापलेल्या रेकॉर्ड्स दणदणीत वाजतात.

याच कारणासाठी, गाणं ओळखीचं आहे म्हणून रेकॉर्ड ओळखीची आहे असं धरून चालू नका. आ-हाचं टेक ऑन मी आपण सगळे ऐकतो ते १९८५ चं, पण १९८४ मध्ये ते एकदा वेगळं रेकॉर्ड करून काढलं होतं आणि पडलं होतं. पेट शॉप बॉइजचं वेस्ट एंड गर्ल्स पण तसंच, १९८४ मध्ये बॉबी ऑरलँडोने केलेलं एक, आणि स्टीफन हेगसोबत पुन्हा केलेलं दुसरं, जे जानेवारी १९८६ मध्ये एक नंबरला गेलं. ड्युरान ड्युरानची रिओ (१९८२) अमेरिकेत आधी आली ती आणि नंतर पुन्हा मिक्स करून काढली ती, यात ऐकायला सरळ फरक आहे. तर वर्ष, देश आणि नंबर, तिन्ही जुळवायचं. डिस्कॉग्ज ही रेकॉर्ड्सची यादी असलेली वेबसाइट फोनवर उघडा, रन-आउटचा नंबर टाका, कुठली छपाई ते सापडतं. फक्त दुकानदारासमोर उघडपणे करू नका हो, भाव वाढतो.

काय घ्यायचं

बँडची यादी पाठ करण्यापेक्षा कव्हरच्या मागे बारीक अक्षरात निर्माता कोण आहे ते बघत जा, हा माझा सगळ्यात उपयोगी सल्ला. ट्रेव्हर हॉर्न हे नाव दिसलं की घ्यायचं. एबीसीची द लेक्सिकन ऑफ लव्ह (१९८२) त्याचीच, फ्रँकी त्याचंच, आणि त्याआधी १९७९ मध्ये तो स्वतः बगल्समध्ये होता, त्यांच्या व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टारची चाल आपल्या बप्पीदांनी डिस्को डान्सरमध्ये औवा औवाला लावली. म्हणजे तुम्ही ट्रेव्हर हॉर्न लहानपणी गणपतीच्या मांडवात ऐकलेलाच आहे, फक्त माहीत नव्हतं.

दुसरं नाव मार्टिन रशेंट. ह्यूमन लीगची डेअर (१९८१) ही मी एलपी असूनही घ्या म्हणते, ढिगाने सापडते, स्वस्त असते. आणि तिच्यासोबत १९८२ ची लव्ह अँड डान्सिंग शोधा, तीच गाणी रशेंटने फीत कापून जोडून बहुतेक गायकाच्या आवाजाविना केलेली. कव्हर साधं, पटकन लक्षात येत नाही, त्यामुळे लोक पुढे जातात. तुम्ही थांबा.

तिसरा रस्ता म्हणजे माणूस धरायचा. व्हिन्स क्लार्क आधी डेपेश मोडमध्ये, तिथून बाहेर पडून यॅझू, मग इरेजर, आणि हे सगळं म्यूट याच एका रेकॉर्ड कंपनीकडे. म्यूटच्या एलपींना स्टम आणि नंबर असतो, डेपेशच्या पहिल्या काही सोडून बाकी सिंगल्सना बाँग आणि नंबर, त्यामुळे मोजत मोजत जमवायला मजा येते, पोस्टाच्या तिकिटांसारखं. व्यसन आहे, आधीच सांगते.

व्हॅम, कल्चर क्लब वगैरे काय, कुठेही मिळतील, कधीही घ्या, घाई नको. त्यांच्यासाठी जास्त पैसे मात्र अजिबात देऊ नका, लाखोंनी खपलेला माल आहे तो. स्मिथ्स या बँडला पॉप म्हणायचं की नाही यावर माझी एका मित्राशी भांडणं झालीयत म्हणून तो विषय सोडते, पण व्हॉट डिफरन्स डझ इट मेकच्या कव्हरवर नट टेरेन्स स्टँपऐवजी बँडचा गायक मॉरिसी स्वतः दुधाचा ग्लास घेऊन दिसला तर ती कॉपी उचला. स्टँपने स्वतःचा फोटो वापरायला हरकत घेतली म्हणून मधे काही काळ ते कव्हर होतं, नंतर परत स्टँप आला.

बघून घेणं

खिडकीपाशी किंवा एका दिव्याखाली जायचं, ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात काही दिसत नाही. रेकॉर्ड कडेने धरून तिरपी करायची. केसासारख्या बारीक रेषा चालतात, पाकिटातून आत-बाहेर करताना येतात. जी रेघ नखाला लागते ती सुईलाही लागणार, टक टक टक. मग डोळ्यांच्या रेषेत आडवी धरून वाकलीय का बघा. आणि मधल्या भोकाभोवती लेबलवर बघा, अंधारात चाचपडत खिळ्यावर बसवल्याच्या रेषांचं जाळं असेल तर ती कोणाच्यातरी पार्टीत शंभर वेळा वाजलीय. पार्टीत हिट गाणंच वाजतं, त्यामुळे ए बाजू भाजलेली आणि बी बाजू कोरी करकरीत असं खूपदा असतं, दोन्ही बाजू बघितल्याशिवाय पैसे काढू नका.

सात इंची, म्हणजे छोट्या सिंगल्स घेताना अजून एक. त्या काळात ब्रिटनमध्ये काही सिंगल्सना कागदी लेबलच नसायचं, प्लॅस्टिकवरच चंदेरी रंगात छापलेलं. त्याच गाण्याची कागदी लेबलवाली सापडली तर मी ती घेते, मला ती जास्त शांत वाजते असं वाटतं. आणि मधे मोठं भोक असेल तर घाबरू नका, ज्यूकबॉक्समधली किंवा अमेरिकन आहे, एक प्लॅस्टिकची चकती मिळते ती बसवायची.

ऑनलाइन घेताना ग्रेडची भाषा समजून घ्या, ती फार फसवी आहे. मिंट, निअर मिंट, व्हीजी प्लस, व्हीजी, गुड, असा उतरता क्रम. व्हीजी म्हणजे व्हेरी गुड, पण ती व्हेरी गुड नसते, चांगलीच खरखरते. गुड म्हणजे भिंतीवर लावा. ऐंशीच्या पॉपमध्ये मोकळ्या जागा खूप, एक ड्रम वाजतो मग शांतता मग सिंथ, त्या शांततेत प्रत्येक टिकटिक ऐकू येते, म्हणून मी व्हीजी प्लसच्या खाली जात नाही. विकणाऱ्याला विचारायचं, वाजवून ग्रेड दिलाय का नुसता बघून? उत्तर गोलगोल आलं की सोडून द्या.

भारतात शोधताय तर अपेक्षा जरा आवरा. पोलीस हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत रंगभवनला वाजवून गेला, पण म्हणून त्यांची रेकॉर्ड्स गल्लोगल्ली पडलेली नाहीत. आपल्याकडे त्या दशकात कॅसेटने सगळं खाल्लं. इथली छपाई मिळते ती जास्त करून बोनी एम, आब्बा, मायकल जॅक्सन. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, सकाळी लवकर जा, ऊन चढलं की रेकॉर्डी जमिनीवर तापून वाकतात. आणि कव्हर बघून खूश होऊ नका, रेकॉर्ड बाहेर काढून लेबल वाचा. मी नाही वाचलं एकदा. भाऊ दोनशे म्हणाले, मी दीडशेला पाडून मोठ्या तोऱ्यात व्हॅम घरी आणलं, आत कीर्तन निघालं. सासूबाई खूश झाल्या, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या.

प्लेयरचं थोडक्यात सांगते. ते सूटकेसवाले स्वस्त प्लेयर नकोत, त्यांची सुई साधारण ५ ग्रॅमच्या भाराने खाचेत बसते, बऱ्या कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) २ ग्रॅम पुरतात. सुई बदलता येते आणि वजन जुळवता येतं असा साधा टर्नटेबल घ्या, सेकंडहँड चालेल, आणि अँपला फोनो लिहिलेली जागा नसेल तर एक छोटा प्रीअँप, म्हणजे टर्नटेबलचा बारीक आवाज वाढवून अँपला देणारा डबा लागेल. आधी यावर खर्च करा मग रेकॉर्डवर.

धुणं मात्र नीट सांगते कारण इथे मी माती खाल्लीय. डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीचं पाणी म्हणून पेट्रोल पंपावर मिळतं ते चालतं), त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब. मायक्रोफायबर कापडाने खाचेच्या दिशेने, गोल, आडवं कधीच नाही, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने परत. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. हे फक्त व्हिनाइलसाठी! मी उत्साहात आजोबांचा जुना तवा, म्हणजे ७८ च्या स्पीडची जुनी रेकॉर्ड, याच पाण्याने पुसला. तो असतो लाखेचा आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. कापड काळं झालं आणि तव्यावर मधेच धुरकट पट्टा उठला, नाट्यसंगीत गेलं. बाबा काही बोलले नाहीत, पण अजूनही पाहुणे आले की तो तवा मुद्दाम दाखवतात.

ठेवायच्या उभ्या, पुस्तकांसारख्या, एकावर एक रचून नाही, खालच्या दबतात. आणि आपला पावसाळा! मी पहिल्या वर्षी सगळं कपाटाच्या खालच्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीला लागून ठेवलं, ऑगस्टमध्ये उघडलं तर डेअरच्या पांढऱ्या कव्हरवर हिरवे ठिपके. आता जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं लांब, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडलं की कपाटाची दारं सताड उघडी. डांबरगोळ्या ठेवू नका, तो वास कागदाला लागला की जन्मात जात नाही. कव्हरवरचं जुनं किमतीचं लेबल ओरबाडूनही काढू नका, हेअर ड्रायरने गरम केलं की अलगद सुटतं. मी तर काढतच नाही, ब्रिटनमधल्या वूलवर्थ्सचं लेबल असेल तर उलट आवडतं, ते दुकानही २००९ मध्ये पूर्ण बंद झालं.

परदेशातून कोणी येत असेल आणि आणायला सांगताय तर चेक-इन बॅगेत टाकू देऊ नका. एक रेकॉर्ड कव्हरसकट साधारण पाव किलो धरा, म्हणजे २० रेकॉर्ड्सचे ५ किलो, केबिन बॅगेच्या ७ किलोत बसतात आणि साधारण ३१ सेंटीमीटरचा चौकोन ५५ बाय ४० च्या बॅगेत आरामात जातो. पोस्टाने मागवत असाल तर कस्टमची ड्यूटी आधीच हिशोबात धरा, आणि विकणाऱ्याला स्पष्ट लिहून कळवा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून, आतल्या पाकिटात घालून, कव्हराच्या मागे ठेव. आत ठेवून पाठवली तर वाटेत हापटून हापटून ती आतून कव्हर कापत जाते, आणि पार्सल उघडता तेव्हा वरची शिवण या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवलेली असते.